खालचं लाल बटण

‘यशस्वी आणि समाधानी अभियंता कसे व्हावे’ या विषयावर एका इंजिनिअरिंग कॉलेजात पंचेचाळीस मिनिटं बोलायचं मला आमंत्रण आलं, तेव्हा बायको म्हणाली, “दुसरं कोणी मिळालं नाही का हो त्यांना?” तिचा हेतू वाईट नव्हता. तिला खरंच त्या मुलांची काळजी वाटली.

आमंत्रण १५ सप्टेंबरचं होतं. हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, म्हणून आपल्याकडे तो अभियंता दिन. बाकीचे दिवस आमचं नाव ‘अहो, जरा बघता का’ एवढंच असतं. त्या एका दिवशी मात्र झाडून सगळ्या कॉलेजांना पाहुणे लागतात. पहिल्या पसंतीचे पाहुणे अमेरिकेत असतात, दुसऱ्या पसंतीचे हिंजवडीत. तिसऱ्या पसंतीचे भोसरीत मिळतात. मी भोसरीत असतो. सत्तावीस वर्षं झाली.

आदल्या संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसलो. पहिल्या स्लाइडवर ‘यश म्हणजे काय?’ एवढं लिहिलं, अक्षरं मोठी केली, मग निळी केली, मग पुन्हा काळी केली. एवढ्यात स्वयंपाकघरातला मिक्सरचा आवाज थांबला. कोणी थांबवला नव्हता, थांबला होता. हा फरक इंजिनिअरला कानाने कळतो. गणपतीचे दिवस होते आणि खिरापतीसाठी खारकेची पूड चालली होती.

“अहो, मिक्सर बंद पडला.”

“बघतो.”

“नको. उद्या दुकानात देऊ.”

“अगं, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे!”

“म्हणून तर म्हणते.”

आपल्याकडे इंजिनिअरला शाखा नसते, फक्त हद्द असते, आणि ती सोसायटीच्या गेटपर्यंत जाते. माझा एक मित्र धरणांची कामं बघतो. त्याला मेहुण्याच्या मोबाइलमधले उडालेले फोटो परत आणायला बोलावतात. दुसरा बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो. त्याला सासऱ्यांनी पहिल्याच दिवाळसणाला गळका नळ दाखवला. मी फिक्स्चरचा माणूस. यंत्रावर सुटा भाग पक्का धरून ठेवणारी जी चौकट असते, ती बनवणं हे माझं काम. पण लिफ्ट अडकली की चेअरमन माझंच दार वाजवतात. “तुम्ही इंजिनिअर ना?” याला ‘हो’ म्हटलं तर लिफ्ट गळ्यात, ‘नाही’ म्हटलं तर डिग्री पाण्यात. मी लिफ्टपाशी जातो, दाराला कान लावतो, ‘हं’ म्हणतो आणि लिफ्टवाल्याला फोन करतो. तो फोन चेअरमनलाही करता आला असता. पण माझ्या त्या ‘हं’मुळे अडकलेल्यांना धीर येतो म्हणतात.

तर मी मिक्सर पालथा केला. मिक्सरचे स्क्रू रबरी पायांच्या आत, विहिरीत घागर पडावी तसे खोल बसलेले असतात. तिथवर पोचणारा स्क्रूड्रायव्हर शोधायला हत्यारांची पेटी काढली. आठ-नऊ, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे सगळे पाने जागेवर होते. दहा-अकरा नव्हता. दहा नंबरचा पाना जगात कुठल्याच इंजिनिअरकडे नसतो. कंपनीत तो डझनाने मागवतात आणि महिन्याभरात तो वाफ होऊन जातो. मिक्सरला त्याची काही गरज नव्हती, पण तो नाही म्हटल्यावर मला हळहळ वाटली.

चारही स्क्रू काढून तळाची थाळी उचलली, तर तिला दोन वायरींनी लोंबकळणारा एक छोटासा डबीएवढा तुकडा होता. सारखा मध्ये येत होता. मी तो चिकटपट्टीने बाजूला बांधून ठेवला आणि मुख्य तपासाला लागलो.

बिघाडाच्या तपासाची एक पद्धत टोयोटावाल्यांनी जगाला शिकवली आहे. पाच वेळा ‘का?’ विचारायचं, की मूळ कारण हाताला लागतं. मी सुरू केलं.

“मिक्सर का बंद पडला?”

“खारीक कडक होती.”

“कडक का होती?”

“स्वस्तातली आहे.”

“स्वस्तातली का आणली?”

“तुम्ही आणलीत.”

“मी का आणली?”

“मी फोनवर कुठली आणायची ते सांगत होते तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये होतात. नुसतं हो-हो म्हणालात.”

चार ‘का’तच मूळ कारण मिक्सर सोडून माझ्यापर्यंत येऊन ठेपलं. पाचवा विचारायचा मला धीर झाला नाही. कंपनीत असं होत नाही. तिथे पाच काय, पन्नास वेळा विचारलं तरी कारण एकच निघतं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. खाली चौघांच्या सह्या. घरात मला तसा रिपोर्ट लिहिता येईना. ऑपरेटर समोर उभी होती आणि एव्हाना तिने खलबत्ता काढला होता. त्यातला बत्ता तिच्या हातात होता.

मग मी कपलरवर संशय घेतला. मिक्सरच्या डोक्यावर, भांडं बसतं तिथे, जो काळा दातेरी तुकडा असतो तो कपलर. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. भांड्यात काही अडकून मोटरवर ताण आला तर आधी याने झिजायचं, तुटायचं, आणि मोटर वाचवायची. “बघ,” मी बायकोला म्हटलं, “केवढा विचार आहे यामागे! महागाची मोटर वाचावी म्हणून स्वस्तातला तुकडा बळी द्यायचा.”

ती म्हणाली, “म्हणजे कंपनीत तुम्ही.”

मी कपलरकडे नव्या नजरेने पाहिलं. खाली मॅनेजमेंटची मोटर, वर गिऱ्हाइकाची खारीक, मध्ये मी. सत्तावीस वर्षं आपलं पद काय याचा मला पत्ता नव्हता. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर लागला.

कपलर मात्र ठणठणीत होता. मोटरला वास नव्हता. कार्बन ब्रश शाबूत होते. दोन तासांनी मी सगळं होतं तसं जोडलं. एक स्क्रू उरला. स्वाभिमानी माणसाने उरलेला स्क्रू उघड्यावर ठेवू नये, म्हणून तो मी किल्ल्यांच्या जुडग्याखाली सारला आणि जाहीर केलं, “मोटर गेली. नवीनच घ्यावा लागेल.”

आई आतापर्यंत जपमाळ ओढत बसली होती. ती उठली, मिक्सर आडवा केला, तळाशी अंगठा दाबला. ‘टक्’ असा आवाज झाला. मग तिने मिक्सर उभा करून बटण फिरवलं आणि तो घरघरायला लागला.

“काय केलंस?” मी विचारलं.

“अरे, खाली लाल बटण असतं. फार गरम झाला की तो आपला आपण बंद होतो. थोडा निवू द्यायचा आणि ते दाबायचं. मिक्सर घेतला तेव्हाच दुकानातल्या पोराने सांगितलं होतं. तू तेव्हा वायरची जाडी मोजत होतास.”

मी दोन तास चिकटपट्टीने बाजूला बांधून ठेवला होता, तो हाच तुकडा. आई पुन्हा माळ घेऊन बसली. तिने बहुधा मोजणीही चुकवली नव्हती.

रात्री उशिरा दुसरी स्लाइड केली: ‘अचूकता हा अभियंत्याचा दागिना.’ मान वर केली तर समोर खिडकीचा पडदा. दोन वर्षांपूर्वी टेलरने पडद्याची उंची विचारली, तेव्हा मी टेप लावून कागदावर ‘१२२०’ असं लिहून दिलं. एकक लिहिलं नाही. आमच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात एकदाच छापलेलं असतं की सगळी मापं मिलिमीटरमध्ये, मग प्रत्येक आकड्यापुढे कोण लिहीत बसतो? १२२० मिलिमीटर म्हणजे चार फूट. टेलरने आकड्यात मनानेच टिंब घातलं आणि बारा फूट वीसचा पडदा शिवला. पडदा खिडकीतून उतरून, सोफ्याला वळसा घालून, टीव्हीपर्यंत आला.

मी बायकोला सांगितलं, की १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं मंगळावर पाठवलेलं एक यान अशाच घोटाळ्यात गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडांत आकडे देत होतं आणि दुसऱ्या बाजूचं ते न्यूटनमध्ये समजून घेत होतं. यान नको तेवढं खाली गेलं आणि संपलं. आपलं तर नुसतं कापड वाढलं. ती म्हणाली, “त्यांच्याकडे उरलेल्या यानाच्या उशीच्या खोळी झाल्या नसतील. माझ्या आठ झाल्या.” ती स्लाइड मी काढून टाकली.

तिसरी स्लाइड: ‘सतत वरची पायरी गाठा.’ या विषयात मात्र मला अधिकार होता. ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा यंत्र आणि मी यांच्यात फक्त ग्रीस होतं. आमच्याकडे एक फिटर होते, सगळे त्यांना आबा म्हणत. ते चालू यंत्राच्या बेअरिंगपाशी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. “साहेब, हे गातंय. आठ दिवस काढेल.” मीही कान लावायचो. मला नुसती खरखर ऐकू यायची. आठव्या दिवशी बेअरिंग जायचं.

मग बढत्या मिळत गेल्या. पहिल्या बढतीत हातातला पाना गेला आणि पेन आलं. दुसरीत पेन जाऊन एक्सेल आलं. तिसरीत काचेची केबिन मिळाली. तिथून यंत्र दिसतं, पण ऐकू येत नाही. आता मी इतका वर आहे की माझ्याकडे फक्त ‘यंत्र बंद का?’ हे विचारणारे ईमेल येतात आणि मी ते ‘कृपया लक्ष घालावे’ असं लिहून खाली ढकलतो. खालचा आणखी खाली ढकलतो. ढकलत ढकलत ईमेल जिथे पोचतो, तिथे कोणीतरी ट्रेनी कानाला स्क्रूड्रायव्हर लावून बसलेला असतो. मला त्याचा हेवा वाटतो. त्याला माझ्या केबिनचा वाटत असेल. दोघेही यशस्वी व्हायच्या वाटेवर आहोत.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचलो. व्यासपीठावर विश्वेश्वरय्यांची पगडीतली तसबीर, तिला हार. प्रोजेक्टर सुरू केला तर भिंतीवर निळ्या चौकोनात ‘नो सिग्नल’. तीन प्राध्यापक धावले. तिघेही डॉक्टरेट. एकाने लॅपटॉप बंद करून चालू केला, दुसऱ्याने प्रोजेक्टर, तिसऱ्याने दोन्ही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केबलला कान लावायच्या बेतात होतो, एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या शिपायाने ट्रे टेबलावर ठेवला, केबल उपसली, फुंकर मारली आणि पुन्हा खुपसली. भिंतीवर ‘यश म्हणजे काय?’ उगवलं. सभागृहात आधी टाळ्या पडल्या त्या त्याला. मला नंतरही तेवढ्या पडल्या नाहीत.

मी आधी विश्वेश्वरय्यांवर बोललो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ मध्ये बाहेर पडले. त्यांना एकही केटी लागली नव्हती, असं मी माझ्या जबाबदारीवर ठोकून दिलं, कारण समोरच्या चेहऱ्यांना उभारी देण्याची गरज होती. मग खडकवासल्याची गोष्ट सांगितली. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी कसं साठवायचं, तर त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे योजले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपले आपण उघडतात, उतरलं की आपले आपण मिटतात. १९०३ मध्ये ते बसले. “विचार करा,” मी म्हटलं, “सरकारी खात्यातली गोष्ट, आणि ती वरिष्ठांच्या मंजुरीची वाट न बघता योग्य वेळी उघडायची!” मुलं हसली. मागच्या रांगेतले सरकारी खात्यातले एक पाहुणे हसले नाहीत. ते बहुधा मंजुरीची वाट बघत होते.

एकूण भाषण बरं चाललं, म्हणजे पुढच्या दोन रांगा जाग्या होत्या. तिसऱ्या रांगेपासून पुढे मुलं माना खाली घालून भराभर लिहीत होती. मला भरून आलं. नंतर कळलं, दुपारी सबमिशन होतं आणि जर्नल उतरवणं चाललं होतं. मी रागावलो नाही. आम्ही तर काचेखाली बल्ब लावून, वर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद ठेवून, रात्र-रात्र ‘जीटी’ मारलेली माणसं. मित्राच्या शीटवर चहाचा डाग होता तर आमच्या वर्गातल्या एका निष्ठावंताने तोही कंपासने गोल काढला होता. तो आज क्वालिटीचा प्रमुख आहे.

मग प्रश्न सुरू झाले.

“सर, सुरुवातीला पॅकेज किती मिळतं?”

मी माझ्या पहिल्या पगाराचा आकडा सांगितला. “दिवसाला का सर?” त्याने अदबीने विचारलं. “महिन्याला,” मी म्हणालो. सभागृहात दुखवट्याची शांतता पसरली.

“सर, एआय आल्यावर आमचं काय होणार?”

मी म्हणालो, “मिक्सर का बंद पडला याची वीस कारणं तो तुम्हाला एका सेकंदात सांगेल. बत्ता मात्र तुमच्याच समोर उगारला जाईल.” हे कोणाला कळलं नाही, पण पाहुणा गूढ बोलला की प्राचार्य मान डोलावतात, तशी त्यांनी डोलावली.

मग मागून एक मुलगी उठली. “सर, तुम्हाला स्वतःच्या कामात शेवटचं खूप बरं कधी वाटलं?”

हे माझ्या स्लाइडवर नव्हतं. बढत्या आठवल्या, केबिन आठवली, वीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेला पाण्याचा जगही आठवला. त्यात कुठेच काही सापडेना. वेळ काढायला खिशात हात घातला, तर किल्ल्यांबरोबर हाताला काहीतरी टोचलं. कालचा स्क्रू.

आणि मला ती पिन आठवली. नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. लाइनवर एक ब्रॅकेट बसवायचा असायचा. सरळ आणि उलटा, दोन्हीकडून सारखाच दिसणारा. दिवसातून दोन-चार उलटे बसायचे, पुढे गिऱ्हाइकाकडून परत यायचे, आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट लिहिला जायचा: ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिलं. एकाच ऑपरेटरला इतक्यांदा ट्रेनिंग दिलं होतं, की तो कॉलेजात शिकवू शकला असता. एका रात्रपाळीला मी नुसताच तो ब्रॅकेट हातात घेऊन फिरवत बसलो होतो. त्याला एका बाजूला, मध्यापासून जरासं सरकलेलं, एक भोक होतं. आबांना म्हटलं, फिक्स्चरमध्ये या भोकाच्या जागी सहा मिलिमीटरची एक पिन ठोकू या. सरळ ठेवला तर पिन भोकात जाईल. उलटा ठेवला तर बसणारच नाही.

आबांनी भंगारातून पिन काढली, ड्रिल मारलं, ठोकली. सकाळच्या पाळीचा ऑपरेटर आला, झोपेतच ब्रॅकेट उलटा ठेवला, तो बसेना. त्याने फिरवला, बसला. तो पुढच्याकडे वळला. बस्, एवढंच. आबा म्हणाले, “साहेब, आता डोकं लावायला नको.” त्यानंतर तक्रार आली नाही, म्हणून रिपोर्ट झाला नाही. रिपोर्ट नाही म्हणून सह्या नाहीत, आणि सह्या नाहीत म्हणून ते काम कोणी केलं हे कंपनीत कुठेच लिहिलेलं नाही. मध्यंतरी शॉपमध्ये गेलो तेव्हा पाहिली, पिन अजून तिथे आहे. घासून घासून चांदीसारखी चकाकते. नव्या पोराला विचारलं, ही कशाला आहे रे? म्हणाला, “माहीत नाही सर, पहिल्यापासूनच आहे.” त्या दिवशी मला जेवण जास्त गेलं.

एवढं बोलून मी थांबलो. मुलगी खाली बसली. एकाने टाळी वाजवली, पण सोबतीला दुसरी न आल्याने तिचं रूपांतर डास मारण्यात केलं. प्राचार्य म्हणाले, “वेळेअभावी इथेच थांबू या. सरांनी आपल्याला यशाचा मूलमंत्र दिला.” तो कोणता हे त्यांनी सांगितलं असतं तर मीही लिहून घेतला असता.

शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. घड्याळावर कॉलेजचं नाव होतं आणि माझ्या आडनावात एक काना जास्त होता. बायकोने ते लगेच भिंतीवर लावलं. बंद होतं.

“थांब, बघतो,” म्हणून मी स्क्रूड्रायव्हर आणायला उठलो. आई माळ ओढता ओढता म्हणाली, “आधी पालथं करून बघ.”

पालथं केलं. सेलच्या टोकाशी प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी अडकवलेली होती, दुकानात सेल उतरू नये म्हणून ठेवतात तशी. मी ती ओढली. काटा हलला. मी घड्याळ परत खिळ्याला अडकवलं आणि खुर्ची ओढून समोर बसलो. बाकी कोणी वर पाहिलं नाही. मी मात्र आरती सुरू होईपर्यंत त्या सेकंदकाट्याकडे बघत होतो. छान फिरत होता.

“अहो,” खिरापतीची वाटी घेऊन आलेली बायको म्हणाली, “दहा मिनिटं पुढे आहे ते.”

“असू दे,” मी म्हणालो, “टॉलरन्समध्ये आहे.”